मॉर्फिन चालू असताना बाकीच्या गोळ्या कशासाठी?

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका स्टाफ नर्सचा आहे. थोडक्यात असा: कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू असतं, तरी चार्टवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, डेक्सा (डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड), पॅरासिटामॉल अशी रांग लागलेली असते. मॉर्फिन एवढं जबरदस्त औषध, मग ही बाकीची कशाला? आणि एसओएसच्या, म्हणजे ‘गरज पडली तर द्या’च्या रकान्यात दोन-तीन औषधं लिहिलेली असली, तर त्यातलं कुठलं द्यायचं हे नर्सनं कसं ठरवायचं?

मी आधी सर्जिकल वॉर्डात होते, नंतर पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याच्या सेवेत आले, आता डिचोली-सत्तरीच्या बाजूला गृहभेटींना जाते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटातच आहे.

आपल्याकडे वेदना मोजायची म्हणजे शून्य ते दहामधला आकडा विचारायचा. रुग्ण सात म्हणाला, चार्टवर सात लिहिलं, झालं. आकडा लागतोच, औषध दिल्यावर दुखणं उतरलं की नाही हे त्यावरूनच कळतं. पण सात या आकड्यावरून पूरक औषध, म्हणजे मॉर्फिनच्या जोडीला द्यायचं औषध, निवडता येत नाही. यकृत सुजून बरगडीखाली जड दुखतंय तेही सात, आतडं पिळवटून कळ येतेय तेही सात, आणि स्तनाच्या कॅन्सरनं काखेतल्या नसांना वेढलंय म्हणून हातभर करंट मारतोय तेही सातच. पहिल्याला डेक्सामेथासोन लागू पडेल, दुसऱ्याला हायोसीन ब्युटिलब्रोमाइड, म्हणजे आपलं बुस्कोपॅन, आणि तिसऱ्याला गॅबापेंटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन. तिघांनाही नुसतं मॉर्फिन वाढवत नेलं तर तिघेही झोपाळतील, तिघांचीही शौचास अडेल, आणि तिसरा झोपेतसुद्धा कण्हत राहील.

म्हणून ‘किती दुखतं’ याच्या जोडीला ‘कसं दुखतं’ हे विचारायचं, आणि उत्तर रुग्णाच्या शब्दांत लिहायचं. गोव्यात याची एक वेगळीच गंमत होते. रुग्ण कोकणीत बोलतो, घरचे आपल्याशी मराठीत बोलतात, चार्ट इंग्रजीत. खाटेवर ‘हात लासता’ (हात जळतोय) म्हणालेला माणूस चार्टवर पोचेपर्यंत ‘पेन प्रेझेंट’ एवढाच उरतो. डॉक्टर राउंडला खाटेपाशी किती वेळ थांबतात ते आपल्याला ठाऊक आहे. जळजळ, मुंग्या, करंट, चादर लागली तरी सहन न होणं, बधिर झालेल्या भागातच दुखणं यांतलं काहीही कानावर पडलं तर ते तसंच्या तसं लिहा. शंका असेल तर कापसाचा बोळा आधी चांगल्या बाजूवर आणि मग दुखऱ्या बाजूवर हलकेच फिरवून पाहा. दुखऱ्या बाजूला तो टोचला किंवा जळल्यासारखा वाटला, तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता बरीच.

नसेच्या दुखण्यात मॉर्फिन का अपुरं पडतं? मॉर्फिन मज्जारज्जू आणि मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या (ओपिऑइडच्या) ठरलेल्या जागांवर बसून वेदनेचा निरोप दाबतं. इजा झालेली नस मात्र कारण नसताना स्वतःहूनच निरोप पाठवत राहते, आणि सततच्या माऱ्यानं मज्जारज्जूही हळवा होतो. अशा वेळी मॉर्फिनचा डोस वाढतो, पण त्या प्रमाणात गुण येत नाही. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन नसेच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियम चॅनेलला धरतात आणि निरोप सोडणारी रसायनंच कमी करतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही मेंदूकडून खाली येणारी वेदना दाबायची यंत्रणा बळकट करतात. काम वेगळं, जागा वेगळी, म्हणून जोडीनं देतात. केमोनंतर हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि जळजळीसाठी ड्युलॉक्सेटिनला सगळ्यात चांगला आधार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ ची वेदनेची शिडी (दुखणं वाढेल तशी जोरकस औषधाची पुढची पायरी) आपण सगळ्यांनी पाठ केली. तिच्या प्रत्येक पायरीवर ‘पूरक औषधासह किंवा त्याशिवाय’ असं लिहिलेलं आहे, ते मात्र परीक्षेनंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘शिडीप्रमाणे द्या’ हे तत्त्वच गाळलं. उरलं ते तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, त्या माणसापुरतं आणि बारकाईनं. या शेवटच्या शब्दातलं बरंचसं काम नर्सच्या अंगावर पडतं.

घरी गेल्यावर पहिली अडचण येते ती औषधाच्या नावाची. नेहमीचा संवाद असा असतो:

“सिस्टर, फार्मसीवाला म्हणाला ही फिटची गोळी. बाबांना कधी फिट आलेली नाही.”

“काकी, फिटमध्ये मेंदूतली नस भडकते, ती शांत करायला ही गोळी काढली. बाबांच्या पाठीतली नस भडकलीय. वायरचं आवरण सोललं की ठिणग्या उडतात तसं. म्हणून तीच गोळी, पण कारण वेगळं.”

“आणि ही दुसरी? ती म्हणे डिप्रेशनची.”

“डिप्रेशनला हिचा डोस पुष्कळ मोठा लागतो. बाबांना दहा मिलिग्रॅम आहे, तो नसेसाठी.”

हे आधीच सांगितलं नाही तर गोळ्या डब्यात राहतात आणि पुढच्या भेटीला ‘औषधानं काही गुण नाही’ असं ऐकायला मिळतं. वेळेचंही सांगून ठेवावं लागतं. मॉर्फिनची साधी गोळी अर्ध्या तासात काम सुरू करते, त्यामुळे लोकांना तीच सवय होते. गॅबापेंटिन रात्रीच्या १०० किंवा ३०० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर काही दिवसांनी चढवत नेतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिननं झोप पहिल्या-दुसऱ्या रात्री सुधारते, दुखणं उतरायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड राहतं. ‘दोन आठवडे धीर धरा, मध्ये काही वेगळं वाटलं तर फोन करा’ एवढं सांगितलं की निम्मे लोक टिकतात. म्हाताऱ्या पुरुषाला अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू झालं की लघवीची धार विचारा. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते, मग तो तळमळतो आणि आपण त्यालाच वेदना समजून मॉर्फिन देऊन बसतो. काचबिंदू आहे का, हेही विचारायचं.

डेक्सामेथासोनबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ते आपल्याकडे सढळ हातानं लिहिलं जातं आणि गोव्यात त्याची किंमत वेगळी पडते. सूज उतरवून ते दुखणं कमी करतं: यकृताचं आवरण ताणलं असेल, नसेवर गाठ दाबत असेल, मेंदूतल्या गाठीमुळे डोकं दुखत असेल, तर एक ते तीन दिवसांत फरक दिसतो. भूकही लागते, पेजेवर आलेला माणूस एकदम मासळी मागतो आणि घरचे खूश होतात. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे निघालं, तर गोव्यात: २६.४ टक्के. म्हणजे आपल्या वॉर्डातल्या कुठल्याही चार प्रौढ रुग्णांत एकाला तरी साखर असणार हे धरूनच चालायचं. डेक्सा सकाळी दिलं की साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीची साखर पुष्कळदा सरळ येते आणि आपण निश्चिंत होतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतरची किंवा रात्रीच्या जेवणाआधीची साखर तपासा. डोस सकाळीच द्या, दुसरा असेल तर दुपारी दोनच्या आत, नाहीतर रुग्ण रात्रभर टक्क जागा. जिभेवर पांढरा थर येतोय का ते टॉर्च लावून पाहा. ‘अन्न गिळताना दुखतं’ याचं कारण कितीदा बुरशी असते. आणि तीन आठवड्यांहून जास्त चाललेलं डेक्सा एका दिवसात बंद करायचं नाही, ते उतरवत आणायचं.

एकदम बंद पडण्याचा धोका चवथीच्या दिवसांत हमखास. पर्वरी-वास्कोच्या फ्लॅटमधून सगळं कुटुंब मूळ घरी जातं, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान आठवणीनं नेतं आणि औषधांचा डबा फ्रिजवर राहतो. गॅबापेंटिन, बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा सैल करणारं), डेक्सा यांतलं काहीही झटक्यात थांबलं तर त्रास होतो, मॉर्फिनचं तर होतोच. चवथीच्या आधीच्या भेटीत मी पंधरा दिवसांच्या गोळ्या पिशवीत भरूनच घेते आणि पिशवी कोण नेणार त्याचं नाव विचारते.

आता पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधं. ऑपरेशननंतरच्या रुग्णात ही खरोखर कामाची. पोटाचं ऑपरेशन झालेल्याला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी सहा-सहा तासांनी मिळालं तर ओपिऑइड कमी लागतं, तो लवकर उठून बसतो, खोकतो, छाती साफ राहते. तिथे ते ‘दुखलं तर’ म्हणून न ठेवता घड्याळाप्रमाणे द्यायचं. मोठ्या डोसच्या मॉर्फिनवर असलेल्या कॅन्सरच्या रुग्णात मात्र पॅरासिटामॉलचा वरचा फायदा फार थोडा, असं माझं मत झालं आहे. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला रोज आठ जाड गोळ्या गिळायला लावण्याआधी, चार दिवस बंद करून बघूया का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. चालू ठेवलं तर हिशोब मात्र ठेवा: दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, किडकिडीत किंवा यकृत बिघडलेल्या माणसाला २ ग्रॅमच्या आसपास. एसिक्लोफेनॅक आणि ट्रॅमाडॉलच्या जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं, ते या हिशोबात धरायचं.

डायक्लोफेनॅकची साखळी मात्र प्रत्येक नर्सनं डोक्यात पक्की बसवावी. हाडात पसरलेल्या कॅन्सरला ते चांगलं लागू पडतं. पण रुग्ण जेवत नाही, पाणी कमी पितो, त्यात ब्लडप्रेशरची गोळी चालू, आणि कुणीतरी फार्मसीतून कंबरेसाठी म्हणून आणखी एक पेनकिलर आणून देतं. मूत्रपिंड मंदावतं. मॉर्फिनचे शरीरात तयार होणारे घटक लघवीवाटे बाहेर पडायचे, ते साठू लागतात. गॅबापेंटिन तर जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच जातं, तेही साठतं. डोस कुणी वाढवलेला नाही, चार्ट पाहिला तर सगळं कालच्यासारखंच, तरी रुग्ण गुंगीत, हातपाय मधूनच झटके देतात, भिंतीवर कुणी दिसतं म्हणतो. घरचे म्हणतात, दुखण्यानं असं झालं. काही वेळा डॉक्टरही वेदना वाढली समजून मॉर्फिन चढवतात. झटके आणि भास एकत्र दिसले की लघवी किती झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) कधी केलं होतं, आणि घरात आणखी काय काय घेतलं जातंय, हे तीन प्रश्न आधी. मार्च ते मे हुर्राकचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस. ‘थोडीशीच घेतो’ हेही न रागावता विचारायला हवं, कारण दारू, मॉर्फिन आणि गॅबापेंटिन ही तिन्ही श्वास मंद करणारी आहेत. डायक्लोफेनॅकसोबत डेक्साही असेल तर पोटाच्या संरक्षणाची गोळी लिहिलेली आहे का पाहा, आणि शौच काळी झाली का ते विचारा.

इथेच माझा मूळ मुद्दा येतो. मॉर्फिनला आपण घाबरतो. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, २०१४ च्या दुरुस्तीनंतर सरकारनं मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवून नियम सोपे केले, तरी कपाटाला कुलूप, रजिस्टर, फुटलेल्या अँप्यूलला साक्षीदार हे सगळं आहेच आणि असायलाच हवं. प्रेगाबालिन, अल्प्राझोलाम, अ‍ॅमिट्रिप्टिलिन मात्र ट्रॉलीवर पडलेली असतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटतात. गुंगी मात्र बेरजेनं चढते. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं २०१६ मध्ये ओपिऑइडसोबत बेंझोडायझेपिन (अल्प्राझोलामच्या जातीची औषधं) देण्याबद्दल कडक इशारा दिला आणि २०१९ मध्ये गॅबापेंटिन-प्रेगाबालिनबद्दल, विशेषतः म्हातारे आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेले रुग्ण लक्षात घेऊन. नवीन पूरक औषध सुरू झालं किंवा चढवलं, की पुढचे दोन-तीन दिवस गुंगीची नोंद नेहमीपेक्षा जास्त वेळा ठेवायची. श्वासाचा वेग घटण्याआधी गुंगी वाढते, म्हणून श्वास मोजून झाले की रुग्णाला जागं करून बघा: बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून झोपतोय का? झोपत असेल तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन. श्वास मिनिटाला आठच्या खाली आणि हाक मारून उठत नाही, तर ऑक्सिजन आणि नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा). पण दीर्घकाळ मॉर्फिनवर असलेल्याला अख्खी अँप्यूल एकदम नको. ४०० मायक्रोग्रॅमची अँप्यूल १० मिलिलिटर करून, १ मिलिलिटर दर दोन मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंतच. एकदम दिली तर सगळी वेदना क्षणात परत येते, आणि तो माणूस ते विसरत नाही.

याची उलटी बाजूही आहे. पूरक औषध लागू पडलं, किंवा हाडावर रेडिएशन होऊन दुखणं उतरलं, की तोच मॉर्फिनचा डोस जास्त ठरतो. ‘आता दुखत नाही, पण दिवसभर झोपतात’ हे ऐकलं की कौतुक करून निघू नका, डोस उतरवण्याबद्दल विचारा.

शौचाचं थोडक्यात: उलटी-मळमळ आठवडाभरात बहुधा ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. मॉर्फिन लिहिलं आणि बिसाकोडिल किंवा सेनासारखं रेचक लिहिलं नाही, तर तेवढी ऑर्डर मागून घ्या. आपल्या घरांत इसबगोलवर फार श्रद्धा. मॉर्फिननं आतड्याची हालचालच थंडावते, आणि पाणी न पिणाऱ्या माणसाच्या पोटात ते इसबगोल घट्ट गोळा होऊन बसतं. ते नको, हे स्पष्ट सांगा.

आता एसओएसचा रकाना. समजा मॉर्फिन १० मिलिग्रॅम चार-चार तासांनी आहे, आणि एसओएसमध्ये मॉर्फिन १० मिलिग्रॅम, बुस्कोपॅन, पॅरासिटामॉल, फोर्टविन (पेंटाझोसिन) इंजेक्शन. फोर्टविन आधी खोडायला सांगा. पेंटाझोसिन मॉर्फिनच्याच जागेवर जाऊन त्याला ढकलतं. नियमित मॉर्फिन घेणाऱ्याला ते दिलं तर दुखणं वाढू शकतं आणि घाम, थरथर सुरू होते. बाकीच्यांत: पोटात येऊन-जाऊन पिळवटत असेल तर बुस्कोपॅन, पण पोट फुगलंय का, वारा सरतोय का हे पाहून. आतडं पूर्ण बंद असताना मेटोक्लोप्रामाइड (उलटीचं औषध, आतडी हलवणारं) चालू असेल तर तेही थांबवायला सांगायचं, आणि एरवीही बुस्कोपॅन व मेटोक्लोप्रामाइड एकमेकांचं काम रद्द करतात. ड्रेसिंग किंवा आंघोळीला हलवताना दुखतं, तर मॉर्फिनचा जादा डोस अर्धा तास आधी. नियमित डोसच्या तासभर आधीच रोज दुखू लागतं, तर दिवसाचा डोसच कमी पडतोय. एसओएस देऊन आज भागेल, पण नोंद करून डॉक्टरांना सांगा. आणि जळजळ-करंट असेल तर आत्ता मॉर्फिन द्या, पण सकाळी नसेच्या औषधाचा विषय काढा. गॅबापेंटिन एसओएस म्हणून लिहिलेलं दिसलं तर विचाराच, ते मागेल तेव्हा द्यायचं औषध नाही. तोंडावाटे दिल्यावर तासाभरानं, शिरेतून दिल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत पुन्हा आकडा, पुन्हा गुंगी.

आपल्याकडे नर्सला औषध लिहिण्याचा अधिकार नाही. म्हणून प्रत्येक एसओएसपुढे ‘कशासाठी’ आणि ‘दिवसाला किती वेळा’ हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. नुसतं ‘दुखल्यास’ लिहिलेली तीन औषधं म्हणजे निर्णय आपल्यावर ढकलून जबाबदारीही आपल्यावरच टाकणं.

एका गोष्टीला मात्र थांबायला वेळ नाही. पाठीचं दुखणं नवीन प्रकारचं, खोकल्यानं वाढणारं, आणि पायांत ताकद कमी किंवा लघवी-शौचाचं भान सुटतंय, तर मणक्यात मज्जारज्जू दाबला जातोय असं धरायचं. घरी असाल तर १०८ बोलवा, वॉर्डात असाल तर त्याच तासाला डॉक्टर. डेक्सा १६ मिलिग्रॅम सुरू करून रुग्ण त्याच दिवशी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पोचला तर पाय वाचण्याची शक्यता राहते. सकाळच्या राउंडची वाट पाहिली तर बहुधा नाही.

आणि बाकीच्या वेळी रात्री दोनला फोन करायची वेळ आली तर ‘सर, पेशंटला खूप दुखतंय, काय देऊ?’ असं विचारू नका, त्यावर ‘मॉर्फिन वाढवा’ किंवा ‘डायक्लो द्या’ याशिवाय काही मिळत नाही. असं सांगा: “सात नंबरच्या आजी, गर्भाशयाचा कॅन्सर. डाव्या मांडीत करंट मारल्यासारखं, चादरही सहन होत नाही, आकडा आठ. मॉर्फिन १० चार तासांनी चालू, आज तीन एसओएस झाले, प्रत्येकानं जेमतेम दोन आकडे उतरले. जाग्या आहेत, श्वास सोळा, लघवी चांगली, क्रिएटिनिन परवाचं एक. नसेचं कुठलंच औषध चालू नाही.” माझ्या अनुभवात एवढं ऐकल्यावर पलीकडून बहुतेक वेळा गॅबापेंटिनचा डोसच येतो.